रिट्रेड की रिसायकल? सरकार जुन्या टायरचा हिशोब दोन वह्यांत का ठेवतं

टायर बदलला की जुना टायर दुकानातच राहतो. त्याचे थोडेफार पैसे बिलातून वजा होतात आणि तो 'रिसायकलला गेला' असं आपण धरून चालतो. पण तो रिमोल्डवाल्याकडेही, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्याकडेही, गेलेला असू शकतो, आणि रिमोल्ड म्हणजे रिसायकल नव्हे. टायर नाल्यात, माळरानावर, पुलाखाली टाकले जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने 2022 मध्ये जे नियम केले, त्यात या दोन कामांची प्रमाणपत्रंही वेगळी ठेवली आहेत. हा फरक समजला की रस्त्याकडेला पडलेले टायर मुळात येतात कुठून, याचंही उत्तर मिळतं.

रिट्रेडिंगमध्ये, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या रिमोल्डमध्ये, टायर टायरच राहतो. ट्रकचा टायर आला की आधी तो फिरवून आतून-बाहेरून तपासतात: खिळा घुसलाय का, बाजूला कट आहे का, तारा उघड्या पडल्यात का. सांगाडा, म्हणजे केसिंग धड असेल तरच पुढचं काम. मग बफिंग मशीनवर झिजलेला थर खरवडतात, जखमा भरतात, कुशन गमचा, म्हणजे चिकटवणाऱ्या रबराचा, पातळ थर देतात आणि त्यावर नक्षीचा तयार रबरी पट्टा गुंडाळून चेंबरमध्ये 100 अंशांच्या आसपास दाबाखाली पक्का करतात. कारखान्यात तयार झालेला सांगाडा तोच राहतो, नवं लागतं ते फक्त वरचं रबर. ट्रकचा चांगला रेडियल टायर अशा दोन-तीन फेऱ्या काढतो. एसटी महामंडळाचे तर स्वतःचे नऊ रिट्रेडिंग प्रकल्प आहेत. पुढच्या चाकांना नवे आणि मागच्यांना रबर चढवलेले टायर, ही बस-ट्रकवाल्यांची जुनी रीत.

रिसायकलिंगमध्ये टायर संपतो. आणि तो संपवणं सोपं नाही. टायर बनवताना रबरात गंधक घालून ते तापवतात, तेव्हा रबराचे लांब धागे एकमेकांना कायमचे बांधले जातात. म्हणूनच टायर हजारो किलोमीटर टिकतो आणि म्हणूनच प्लास्टिकसारखा वितळवून पुन्हा ओतता येत नाही. मग मार्ग उरतात तीन. एक, तुकडे करून, चुंबकाने तार काढून त्याचा बारीक भुगा करायचा. हा भुगा रस्त्याच्या डांबरात मिसळतात, मॅटमध्ये वापरतात. दोन, गंधकाचे बंध काही अंशी तोडून रिक्लेम रबर, म्हणजे पुन्हा वापरता येणारं रबर, करायचं. तीन, पायरोलिसिस: बंद भट्टीत, हवेशिवाय, 400-500 अंशांवर तापवून तेल, काजळीसारखा कोळसा आणि तार वेगळी काढायची.

या तिसऱ्या मार्गाबद्दल आपल्याला विशेष काळजी वाटायला हवी. जानेवारी 2025 मध्ये पालघर जिल्ह्यात वाड्याला अशाच एका प्रकल्पात स्फोट झाला आणि दोन महिला व दोन मुलं दगावली. त्यानंतर राज्य सरकारने तिथले काही प्रकल्प बंद केले. त्याआधी काही वर्षं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत 19 राज्यांतल्या 637 प्रकल्पांपैकी 270 नियम पाळत नसल्याचं आढळलं होतं. 2022 च्या नियमांनी तर पायरोलिसिससाठी टाकाऊ टायर आयात करायलाच बंदी घातली. तरीही वाड्याच्या त्या प्रकल्पात युरोपातून आलेले टायर होते. तेव्हा 'रिसायकल झाला' एवढं ऐकून समाधान मानू नये. कशाने झाला, हे विचारायलाच हवं.

आता प्रमाणपत्रांकडे. 21 जुलै 2022 च्या अधिसूचनेने टायर कंपन्या आणि आयातदारांवर जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली, जिला सगळे ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) म्हणतात. 2022-23 मध्ये कंपनीने 2020-21 साली बनवलेल्या टायरच्या 35 टक्के, पुढच्या वर्षी 70 टक्के आणि 2024-25 पासून, दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाइतक्या, पूर्ण 100 टक्के वजनाच्या टायरची विल्हेवाट दाखवायची. त्यासाठी कंपनी स्वतः टायर गोळा करत फिरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेल्या रिसायकलरकडून ती प्रमाणपत्रं विकत घेते.

रिसायकलिंगच्या प्रमाणपत्राने जबाबदारी फिटते. रिट्रेडिंगच्या प्रमाणपत्राने ती फक्त एक वर्ष पुढे जाते. कर्जाचा हप्ता लांबवून घेणं आणि कर्ज फेडणं यात जेवढा फरक, तेवढाच हा. मला ही तरतूद अगदी योग्य वाटते. रिमोल्डने टायरचं आयुष्य वाढतं, रबर आणि तेल वाचतं, म्हणून त्याला सवलत हवीच. पण तो टायर कधीतरी कचरा होणारच आहे, आणि तेव्हा त्याचं ओझं कुणावर तरी असायला हवं. रिमोल्डलाही पूर्ण माफी दिली असती, तर तो सांगाडा शेवटी कुणाचाच राहिला नसता.

अडचण आहे ती रिमोल्डवाला आणि रिसायकलर या दोघांच्याही दारात न पोचणाऱ्या टायरची. ट्रकच्या केसिंगला भाव असतो, त्यामुळे ते सहसा कुणी फेकत नाही. स्कूटर-मोटारसायकलचा टायर सहसा रिमोल्ड होत नाही, वजनाला हलका असतो, आणि तो गोळा करून लांबच्या कारखान्यात न्यायचा खर्च भंगारवाल्याला परवडत नाही. मग तो पंक्चरच्या दुकानामागे साठतो, पत्र्यावरची ताडपत्री उडू नये म्हणून छपरावर चढतो, नाहीतर तारेसाठी रात्री जाळला जातो. पावसात त्याच्यात पाणी साचतं आणि डेंग्यूच्या एडिस डासाला घर मिळतं. पोर्टलवर नोंद होते ती उत्पादकाची, रिसायकलरची, रिट्रेडरची. पंक्चरवाला आणि भंगारवाला तिथे दिसतच नाहीत. कागदावरचा हिशोब पूर्ण होऊनही नाला भरलेला राहू शकतो. प्लास्टिकसाठीही अशीच ईपीआर प्रमाणपत्रं असतात, आणि तिथे तर 2023 मध्ये सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली होती, त्यात महाराष्ट्रातले रिसायकलरही होते.

मुंबई महापालिकेचं कीटकनाशक खातं पावसाळ्याआधी छपरांवरचे, गल्ल्यांतले टायर उचलतं, ते डासांसाठी. हेच टायर वजन करून नोंदणीकृत रिसायकलरला दिले, आणि वाहतुकीचा खर्च प्रमाणपत्रं घेणाऱ्या कंपन्यांकडून घेतला, तर स्कूटरच्या टायरलाही भाव येईल. मुंबईबाहेरच्या नगरपालिकांनाही हे करता येईल, आणि नवा कायदा लागणार नाही.