मुद्दाम गळणारी फरशी

गच्ची गळू लागली की आपल्याकडे पहिला संशय येतो तो फरशीच्या सांध्यांवर. मिस्त्री येतो, सांधे खरवडतो, त्यात नवा मसाला भरतो आणि पुढच्या पावसाळ्यात गळती दोन हात सरकून पुन्हा हजर होते. नव्या टॉवरांच्या टेरेसवर आणि हॉटेलांच्या उघड्या डेकवर हल्ली जी उचललेली फरशी दिसते, तिच्यात सांधे भरतच नाहीत. पाण्याला खुशाल खाली जाऊ देतात.

ही फरशी पेडेस्टलवर, म्हणजे प्लास्टिकच्या आटेदार खुंटांवर टेकलेली असते. खुंट फिरवला की त्याची उंची कमी-जास्त होते. चार फरशांचे कोपरे एकाच खुंटाच्या डोक्यावर येतात आणि तिथले दोन-चार मिलिमीटर जाडीचे कान त्यांच्यात सारखी फट राखतात. ना सिमेंट, ना चिकटवायचं रसायन. वरची पोर्सेलिन फरशी बहुधा 60 सेंटिमीटर चौरस आणि 20 मिलिमीटर जाड असते. एकेका फरशीचं वजन 17 किलोच्या आसपास भरतं. रोमन स्थपती व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी स्नानगृहांच्या तापत्या जमिनीसाठी विटांच्या ठेंगण्या खांबांवर दोन फुटी फरश्या ठेवायला सांगितल्या होत्या. त्याला खालून गरम हवा खेळवायची होती, आपल्याला पाणी वाहून न्यायचंय; फरशीचं माप मात्र जवळपास तेच राहिलंय.

एरवीच्या गच्चीत एकाच थराला दोन कामं करावी लागतात. त्याच्यावरून चालायचंही आणि त्याने पाणीही अडवायचं. म्हणून कोब्याला उतार द्यावा लागतो, साधारण शंभरास एक. सहा मीटर लांबीच्या गच्चीवर हा फरक सहा सेंटिमीटरचा होतो आणि टेबलावरचा चहा एका बाजूला कललेला दिसतो. उचललेल्या फरशीत उतार खालच्या स्लॅबला असतो. पाणी अडवण्याचं काम वॉटरप्रूफिंगचा थर करतो. आउटलेटकडचे खुंट सहा सेंटिमीटर उंच करायचे, की वरची जमीन सपाट.

फटी एवढ्या बारीक, मग धो धो पावसाचं काय? तीन मिलिमीटरच्या फटी मिळून एकूण क्षेत्राचा फक्त एक टक्का होतात. पण तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडला, तरी त्या एक टक्क्यातून पाण्याला सेकंदाला जेमतेम तीन मिलिमीटर वेगाने उतरावं लागतं. तेवढं ते सहज उतरतं.

उन्हाचा फायदा तर मला याहून मोठा वाटतो. पोर्सेलिन दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे सात भाग प्रसरण पावतं. दहा मीटर सलग चिकटवलेली फरशी 40 अंशांनी तापली, तर ती तीनेक मिलिमीटर वाढू पाहते. प्रसरणासाठी मोकळा सांधा सोडलेला नसेल, तर एखाद्या दुपारी मधली रांग उचलते आणि फुटते. सुट्या फरश्या आपापल्या जागी वाढतात आणि आकसतात. शिवाय वॉटरप्रूफिंगचा थर सावलीत राहतो. या थरात बहुधा वापरलं जाणारं बिटुमेन, म्हणजे डांबरासारखा पदार्थ, उन्हाने कडक होऊन तडकतं, इथे त्याच्यापर्यंत थेट ऊन पोचतच नाही.

आता अडचणी. भाजलेली माती दाब भरपूर सोसते, ताण कमी. कोपऱ्यांवर टेकलेल्या फरशीच्या मधोमध पाय पडला की तिची खालची बाजू ताणली जाते. वाकताना लागणारी ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 20 मिलिमीटरची फरशी 10 मिलिमीटरच्या चौपट भार घेते. घरातली उरलेली फरशी इथे वापरायची कल्पना सोडून द्या. फरशी मोठी असेल, तर मध्ये पाचवा खुंट द्यावा आणि मागे जाळी चिकटवलेली असावी. जड वस्तू पडून ती फुटलीच, तर तुकडे पायाखालून निसटत नाहीत. तिपाई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं स्टूल डुगडुगतं. फरशीचंही तसंच, म्हणून चौथ्या कोपऱ्याखाली रबराची पातळ चकती सरकवतात.

वाऱ्याचा हिशेब मात्र गंभीर आहे. या फरशीचा भार चौरस मीटरला 47 किलो, म्हणजे सुमारे 460 पास्कल. आयएस 875 या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, पुण्यासाठी 39. सेकंदाला 44 मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब 1,160 पास्कलपर्यंत जातो आणि गच्चीच्या कोपऱ्यांत वर ओढणारं बल याहूनही जास्त असू शकतं. नुसत्या वजनावर फरशी टिकणार नाही. तिला वाचवतात त्या पुन्हा फटीच: खालची हवा त्यांतून वर येते आणि वरखालचा दाब झटकन जवळपास सारखा होतो. फटी रुंद आणि खालची पोकळी उथळ असली की हे चांगलं जमतं. कडेने वारा आत शिरायला वाट राहिली, तर सगळंच उलटतं. तेव्हा उंच इमारतीत कडेच्या रांगा क्लिपने बांधून घ्याव्यात आणि तो हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करवून घ्यावा. डेकची जाहिरात करणारे याबद्दल फारसे बोलत नाहीत.

फटींतून पाण्याबरोबर धूळ, पानं आणि कबुतरांची पिसंही खाली जातात. आउटलेटची जाळी तुंबली की पाणी साचतं, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून फरशी घालण्याआधी गच्चीत दोन दिवस पाणी भरून गळती तपासावी, उतार नीट आहे का ते पाहावं, आणि आउटलेटवरच्या फरशीला खूण करून ठेवावी. पावसाळ्याआधी ती उचलून जाळी साफ करायची असते. नेमकी त्याच फरशीवर मातीची मोठी कुंडी किंवा लोखंडी झोपाळा ठेवला असेल, तर ऐन जुलैत तो हलवायला चार माणसं शोधावी लागतात.