खाडी ‘युनोच्या ताब्यात’ गेलेली नाही

ऐरोलीच्या चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एक समज २०२२ पासून फिरतोय: ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे ती आता युनोच्या ताब्यात, उद्या कोळ्यांची जाळीही उचलायला लावणार.

तसं काही नाही. मुळात रामसर हा युनोचा करारच नव्हे. इराणमधल्या रामसर शहरात १९७१ साली देशादेशांत झालेला हा पाणथळ जागांविषयीचा करार. भारत त्यात १९८२ मध्ये आला. कुठली जागा यादीत द्यायची, हे आपलंच सरकार ठरवतं. जमिनीची मालकी बदलत नाही. जागा बिघडली तर कराराचं स्वित्झर्लंडमधलं कार्यालय फार तर तिचं नाव ‘मॉन्ट्रो’ या बिघडत चाललेल्या पाणथळ जागांच्या नोंदवहीत टाकतं, तेही त्या देशाच्या संमतीने. दंड नाही, पोलीस नाहीत. आणि करार ‘सुज्ञ वापर’ मान्य करतो, सरसकट मासेमारीबंदी सांगत नाही.

मग खाडी वाचवायला कायद्याचे दात कुणाला आहेत? राज्य सरकारने २०१५ मध्ये इथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर केलं, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. कांदळवनाला सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-भरावावर बंधनं घालणाऱ्या नियमांचं संरक्षण आहे, शिवाय कांदळवनाच्या नाशाला मनाई करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. खारफुटीत रात्री डेब्रिजचा डंपर रिकामा होताना दिसला, तर तक्रार स्वित्झर्लंडला नाही, वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे करायची.