तुर्कस्तानच्या सुवर्णामागची बल्गेरियन तालीम

1988 पर्यंत ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तान म्हणजे कुस्ती. जिंकलेली सगळी सुवर्णपदकं मॅटवरची, आणि त्यातलंही शेवटचं 1968 चं. वेटलिफ्टिंगमध्ये तर साधं कांस्यही नव्हतं. मग 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये नईम सुलेमानोग्लू नावाचा 1.47 मीटर उंचीचा एक लिफ्टर येतो आणि दुसऱ्या क्रमांकाला 30 किलोंनी मागे टाकतो, हे झालं कसं? त्यासाठी आधी बल्गेरियात जावं लागतं.

इव्हान आबाजिएव्ह हा स्वतः लिफ्टर. 1957 च्या जागतिक स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं होतं. पण नाव झालं ते प्रशिक्षक म्हणून. व्यायामाचे प्रकार मोजकेच, पण जवळजवळ रोज आपल्या कमाल वजनापर्यंत जायचं, अशी त्याची पद्धत. शरीर टिकलं तर चॅम्पियन, नाही टिकलं तर दुसरा मुलगा तयारच. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाने तीन सुवर्णं जिंकली आणि त्यानंतर या क्रूरपणाबद्दल प्रश्न विचारणारं फारसं कुणी उरलं नाही.

याच तालमीत कर्जाली भागातला, खाणकामगाराचा मुलगा नईम सुलेमानोग्लू तयार झाला. जन्म 1967 चा, घरची भाषा तुर्की. सोळाव्या वर्षी विश्वविक्रम त्याच्या नावावर होता. 1984 चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक मात्र बल्गेरियाच्या बहिष्कारामुळे हुकलं. त्याच हिवाळ्यात सरकारने तुर्की अल्पसंख्याकांची नावं सक्तीने बदलायला सुरुवात केली. नईमच्या पासपोर्टावर नाउम शालामानोव्ह हे नाव आलं.

डिसेंबर 1986 मध्ये मेलबर्नची स्पर्धा आटोपल्यावर तो पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटला, काही दिवस लपून राहिला आणि मग तुर्की दूतावासात पोहोचला. तुर्कस्तानचे पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांनी त्याला आणायला स्वतःचं विमान पाठवलं. पण देश बदलणाऱ्या खेळाडूला ऑलिंपिकसाठी तीन वर्षं थांबावं लागे. ती अट सोडायला बल्गेरिया तयार झाला तो सुमारे दहा लाख डॉलर घेऊन. घडवलेला खेळाडू रोख किमतीला विकल्यासारखंच झालं ते.

सोलमध्ये 60 किलो वजनगटात नईमने स्नॅचमध्ये (वजन एका झटक्यात डोक्यावर) 152.5 आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 190 किलो उचलले. एकूण 342.5. जर्कचं वजन शरीराच्या तिपटीहून जास्त. एवढ्या वजनावर तो वरच्या 67.5 किलो गटातही जिंकला असता, असं हमखास लिहिलं जातं. अंतिम निकाल पाहिला तर ते खरंच आहे, कारण त्या गटाचं सुवर्ण 340 किलोंवर गेलं. पण आधी तिथे बल्गेरियाच्या आंगेल गेंचेव्हने 362.5 किलो उचलले होते. लघवी वाढवणारं, म्हणजे वजन उतरवायला आणि इतर औषधांच्या खुणा झाकायला उपयोगी पडणारं औषध सापडल्याने त्याचं पदक गेलं. त्याचा एक सहकारीही असाच पकडला गेला आणि उरलेला बल्गेरियन संघ अर्ध्यातूनच घरी परतला. नईमच्या आकड्यांमागे हीच तालीम होती, हे त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत.

1989 मध्ये बल्गेरियातून तीन लाखांहून अधिक तुर्क सीमा ओलांडून आले. त्यांच्यात सोळा वर्षांचा हलील मुतलू होता, तोही कर्जालीकडचाच. 1996, 2000 आणि 2004 अशी सलग तीन सुवर्णं त्याने जिंकली. 2000 मध्ये सिडनीत 56 किलो गटात त्याने एकूण 305 किलो उचलले.

नईमचीही तीन सुवर्णं झाली. तिसरं सर्वांत अटीतटीचं. 1996 मध्ये अटलांटात ग्रीसच्या वालेरियोस लिओनिदिसने 187.5 किलोंचा विश्वविक्रमी जर्क केला. नईमने तेच वजन उचलून दाखवलं. मग लिओनिदिसने 190 मागितले, पण ते काही वर गेले नाहीत. निकाल 335 विरुद्ध 332.5.

पुढचा उतार वेगाने आला. सिडनीत नईमचे स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले. 2005 मध्ये मुतलू नॅन्ड्रोलोन या बंदी असलेल्या उत्तेजक औषधाच्या चाचणीत सापडला आणि दोन वर्षं बाहेर बसला. बीजिंग (2008) आणि लंडन (2012) ऑलिंपिकच्या जुन्या नमुन्यांच्या फेरतपासणीत उत्तेजक औषधं सापडल्यावर ऑक्टोबर 2017 मध्ये नऊ देशांवर वर्षभराची बंदी आली. त्यात तुर्कस्तान होता. 18 नोव्हेंबरला यकृताच्या आजाराने नईम इस्तंबूलमध्ये वारला. अंत्यविधीला लिओनिदिस आला होता. दहा दिवसांनी ॲनाहाइमला जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तुर्की संघाला तिथे उतरण्याची परवानगी नव्हती.