लघवी गळते म्हणून दिलेली डिप्रेशनची गोळी: सेरोटोनिन वाढवणं वेगळं, रिसेप्टर गाठणं वेगळं

लघवी गळते म्हणून दाखवायला गेलेल्या बाईच्या चिठ्ठीवर ड्युलोक्सेटिन लिहिलेलं असतं. घरी येऊन ती नाव शोधते, तर निघतं डिप्रेशनचं औषध. मग मनाला लागतं: ‘हे सगळं माझ्या मनाचे खेळ, असं वाटलं का डॉक्टरांना?’ तसं मुळीच नाही. ‘स्ट्रेस इनकॉन्टिनन्स’मधला स्ट्रेस म्हणजे मनावरचा ताण नव्हे, पोटातून मूत्राशयावर येणारा दाब. शिंक आली, भरलेली बादली उचलली की दोन थेंब गळतात, तो हा प्रकार.

दुसरा गोंधळ असा, की ड्युलोक्सेटिनला सर्रास ‘सेरोटोनिन रिसेप्टरचं औषध’ म्हटलं जातं. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची, रसायनाचा निरोप स्वीकारणारी जागा. ड्युलोक्सेटिन त्या जागेवर बसतच नाही. चेतापेशींनी सोडलेलं सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही निरोप्या रसायनं पुन्हा आत ओढून घेतली जातात, ती ओढ हे औषध थांबवतं. मज्जारज्जूच्या खालच्या भागात ओनुफ केंद्रक नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. तिथे ही रसायनं जास्त वेळ टिकली की मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूला आवळून धरण्याचा निरोप जोरात जातो. म्हणजे मुख्य काम होतं ते तोटीवर, टाकीवर नाही. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही: मांजरांवरच्या प्रयोगांत हा जोर मूत्राशय भरताना वाढलेला दिसला, रिकामं होताना मात्र स्नायू नेहमीसारखाच सैल पडला.

थेट रिसेप्टरवर बसणाऱ्या औषधांची गोष्ट निराळी. सेरोटोनिनच्या रिसेप्टरची सात कुळं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. माणसाच्या मूत्राशयात ५-एचटी४ रिसेप्टर (५-एचटी हे सेरोटोनिनचंच दुसरं नाव) चेतवला की ॲसिटिलकोलीन हे स्नायूला आवळायला लावणारं रसायन जास्त सुटतं आणि आकुंचन वाढतं. ५-एचटी१ए तर संशोधकांना चकवतो. उंदरांमध्ये तो अडवला की लघवीची प्रतिक्षिप्त क्रिया शांत होते, मांजरांमध्ये तो चेतवला की शांत होते! अशा उलटसुलट उत्तरांवरून माणसासाठी गोळी बनवणं किती अवघड, हे सांगायला नको.

म्हणून कुलुपात किल्ली घालेपर्यंतही दम निघत नाही, अशा घाईच्या गळतीवर आज ऑक्सिब्युटिनिन किंवा मिराबेग्रॉन देतात. त्यांचा सेरोटोनिनशी संबंध नाही.

ड्युलोक्सेटिनला स्त्रियांमधल्या मध्यम ते तीव्र स्ट्रेस इनकॉन्टिनन्ससाठी युरोपात २००४ मध्ये मान्यता मिळाली, नेहमीचा डोस ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. अमेरिकेत या वापरासाठी मान्यता नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम याच्या आधी येतात, आणि गोळी सुरू झाली तरी ते सोडायचे नसतात. सुरुवातीला मळमळ बऱ्याच जणींना होते. ती सोसवत नाही म्हणून गोळी मनाने एकदम बंद करू नका. एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थपणा, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात. डॉक्टर डोस हळूहळू उतरवून देतात.