नोकरभरती फसवणूक

नोकरी देतो असे सांगून उमेदवाराकडून पैसे, ओळखपत्रे, बँक खाते किंवा फुकटचे श्रम उकळण्याच्या प्रकाराला नोकरभरती फसवणूक म्हणतात. तिची रूपे सतत बदलतात, पण बहुतेकांत एक गोष्ट सारखी असते: मालकाने कामगाराला पैसे द्यायचे, तिथे कामगारच मालकाला पैसे देऊ लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या करारातील कलम ७ नुसार खाजगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये. कराराला अपवाद आहेत आणि सर्व देशांनी तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे काही देशांत परवानाधारक एजंटाने ठरावीक मर्यादेत फी घेणे कायदेशीर ठरते. भामट्यांना नेमकी हीच संदिग्धता उपयोगी पडते.

सर्वांत जुना प्रकार फी मागण्याचा. नोंदणी, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, लॅपटॉपचा विमा, ‘परत मिळणारी’ अनामत अशी तिची नावे. पहिली रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवतात. ती भरली की दुसरी निघते, मग तिसरी. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. याला हाव म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हातची नोकरी गेलेला किंवा नव्या ऑफरच्या भरवशावर राजीनामा देऊन बसलेला माणूस हावेपोटी नव्हे, नाइलाजाने पैसे भरत असतो.

अलीकडे फोफावलेला प्रकार म्हणजे ‘टास्क’. अनोळखी क्रमांकावरून मेसेज येतो: घरबसल्या काम, दिवसाला तासभर, अनुभवाची गरज नाही. काम म्हणजे व्हिडिओला लाइक देणे किंवा हॉटेलांना तारे देणे. पहिल्या दिवशी थोडे पैसे खरोखर खात्यात येतात, आणि सगळी मेख इथेच आहे. शंका घेणाऱ्याचे तोंड त्या जमा रकमेने बंद होते. मग एका ग्रुपमध्ये घेतात. तिथे बाकीचे ‘सहकारी’ रोज कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते बहुधा त्याच टोळीचे असतात. काही दिवसांनी एक ‘कॉम्बो’ टास्क येतो, पडद्यावरची शिल्लक उणे दिसू लागते आणि ती भरून काढल्याशिवाय साठलेली कमाई काढता येत नाही, असे सांगितले जाते. भरणा बऱ्याचदा क्रिप्टोमध्ये मागतात, कारण तो परत मिळवणे जवळपास अशक्य. ती कमाई म्हणजे टोळीच्याच वेबसाइटवर टाइप केलेला आकडा; तिच्यामागे पैसा नसतोच. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे २०२० मध्ये अशा टास्कची एकही तक्रार नव्हती. २०२३ मध्ये सुमारे ५,००० आल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहामाहीतच सुमारे २०,०००.

काही वेळा पैसे उलट उमेदवाराच्याच खात्यात येतात आणि ‘यातले कमिशन ठेवून बाकीचे पुढे पाठवा’ असे सांगतात. तो पैसा दुसऱ्या कुणाला तरी फसवून आणलेला असतो. चौकशी लागते तेव्हा गोठते ते उमेदवाराचे खाते, आणि जाब द्यावा लागतो तोही त्यालाच.

परदेशातील नोकरीच्या आमिषात पैशांपेक्षाही मोठा धोका असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेले असावेत, असा अंदाज मांडला. यातल्या अनेकांना चांगल्या नोकरीच्या जाहिरातीनेच तिथे ओढले होते. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, कामाचा परवाना तिथे करून देऊ’ हे वाक्य ऐकू आले की थांबावे.

अशुद्ध भाषेवरून भामटा ओळखा, हा सल्ला आता जुना झाला. यंत्राकडून निर्दोष पत्र लिहून घेता येते. लोगो, शिक्का, सही असलेले ऑफर लेटर हाही पुरावा नाही. ई-मेलचा पत्ता मात्र नीट वाचावा. ‘कंपनी-डॉट-कॉम’ हा कंपनीचा; पण ‘कंपनी-डॉट-भरतीकक्ष-डॉट-कॉम’ हा भरतीकक्ष नाव घेतलेल्या कुणाचाही असू शकतो, कारण मालकी शेवटच्या टिंबाच्या लगेच आधीच्या शब्दावरून कळते (काही देशांच्या पत्त्यांत शेवटी दोन तुकडे असतात, तिथे त्यांच्या आधीच्या). पडताळणीसाठी पत्रातला फोन नंबर वापरू नये. तो उचलणाराही त्यांचाच असतो. कंपनीचे संकेतस्थळ स्वतः शोधून, तिथल्या क्रमांकावर विचारावे. फक्त चॅटवर झालेली मुलाखत, न केलेल्या अर्जाला आलेली निवड, आजच्या आज उत्तर देण्याचा तगादा या संशयाच्या जागा आहेत. पण घाई खऱ्या कंपन्याही करतात. नोकरीच्या बदल्यात पैसे किंवा ओटीपी मागितला, तर मात्र दुसरी खूण शोधत बसू नये.

पैसे गेलेच तर पहिला फोन बँकेला, मग पोलिसांना. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. शरमेने चॅट पुसून टाकू नये, पुरावा तोच. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्याही जातात. त्यामुळे काही दिवसांनी एखादा ‘वकील’ किंवा ‘सायबर अधिकारी’ आपणहून फोन करून बुडालेले पैसे परत मिळवून देतो म्हणतो, आणि त्यासाठी थोडी फी आगाऊ मागतो.