हृदयरोहिणीतील रक्तगुठळी

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत रक्त गोठून झालेला अडथळा. बहुतेक हार्ट अटॅक या गुठळीमुळेच येतात. रोहिणीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. त्यावरचे पातळ आवरण फाटले की शरीराला ती जखमच वाटते, आणि एरवी कापलेल्या बोटाचे रक्त थांबवणारी यंत्रणा इथे जिवावर उठते. आधी प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) चिकटून पांढरट गोळा होतो. मग फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांत तांबड्या पेशी अडकून त्याला लाल शेपूट फुटते. निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या रोहिणीतही हे घडते, म्हणून कालपर्यंत दम न लागता जिने चढणाऱ्यालाही आज झटका येतो.

शिकागोचे जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तरी गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. १९८० मध्ये झटक्याच्या पहिल्या काही तासांतच अँजिओग्राफी (रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेला एक्स-रे) केलेल्या बहुतेक रुग्णांची रोहिणी पूर्ण बंद आढळली आणि तो मिटला.

रुग्ण बरेचदा दुखणारी जागा बोटाने दाखवत नाही; छातीच्या मधोमध मूठ दाबून धरतो. दडपण, दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ ही ओळखीची लक्षणे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात मात्र नुसता दम लागणे, मळमळ किंवा कमालीचा थकवा एवढेच दिसू शकते. अपचन समजून तासन्‌तास वाट पाहणे इथेच सर्वांत महाग पडते, कारण मेलेला स्नायू परत येत नाही. ईसीजी रुग्णालयात पोचल्यापासून दहा मिनिटांत निघावा. ट्रोपोनिन (इजा झालेल्या हृदयस्नायूतून बाहेर पडणारे प्रथिन) रक्तात वाढायला काही तास लागतात. पहिली तपासणी ठीक आली म्हणून निर्धास्त होऊ नये.

रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला गाडी चालवू देऊ नये. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसल्यास डॉक्टरांच्या सूचनेने ॲस्पिरिन चावून खायला देतात. या साध्या गोळीचे मोल १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत कळले: १७ हजारांवर रुग्णांच्या त्या अभ्यासात ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू ८ टक्के, तर दोन्ही न मिळालेल्यांत १३ टक्के होते. रोहिणी पूर्ण बंद असेल तर फुगा व स्टेंट (जाळीदार नळी) घालून ती उघडणे उत्तम. ते दोन तासांत जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेल्यांना ते देत नाहीत.

स्टेंटनंतर प्लेटलेटविरोधी दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्येच नवी गुठळी धरू शकते.