ऐंशी दिवस, ऐंशी सूर्य

वऱ्हाडात शेतावर कुणी 'दिवस कासराभर वर आला' म्हणतं तेव्हा ते सूर्याबद्दल बोलत असतं. 'दिवस बुडाला' म्हणजेही सूर्यच. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी वाचताना दिवसाचा हा अर्थ मनात ठेवावा, कारण तिचं सगळं कोडं त्यातच आहे.

फिलिआस फॉग 2 ऑक्टोबर 1872 ला लंडनहून निघतो. 21 डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या आत परतायचं, पैज 20 हजार पौंडांची. पुढे पानोपानी दिवस येतात: किती गेले, किती उरले, किती वाचले. वाचक दर वेळी 24 तास धरतो आणि तिथेच फसतो.

पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं. बुलढाण्याहून गोंदिया सुमारे 4 अंश पूर्वेला आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण गोंदियाला सूर्य साधारण पाव तास आधी उगवतो. फॉग सतत पूर्वेकडेच चालला होता, त्यामुळे त्याचा प्रत्येक दिवस थोडा आखूड होत गेला. अख्खी प्रदक्षिणा म्हणजे 360 गुणिले 4, म्हणजे 1440 मिनिटं, बरोबर एक दिवस! त्याने सूर्य 80 वेळा डोक्यावर आलेला पाहिला, लंडनमधल्या मित्रांनी 79 वेळा. हरलो असं समजून तो घरी बसला, तेव्हा पैजेची मुदत अजून संपलेली नव्हती.

मला सगळ्यात आवडते ती लेखकाची हिंमत. 37 पैकी अकराव्याच प्रकरणात त्याने उत्तर सांगून टाकलंय, आणि तेही आपल्या मेळघाटाच्या शेजारी. आगगाडी बुऱ्हाणपूर सोडून सातपुड्यात शिरल्यावर एक इंग्रज सेनाधिकारी फॉगच्या नोकराला, पासपार्तूला, समजावतो: पूर्वेकडे जाताना दर अंशाला दिवस 4 मिनिटांनी लहान होतो, घड्याळ लावून घे. पासपार्तू ऐकत नाही, घड्याळ लंडनच्याच वेळेवर ठेवतो. गाडी तेव्हा ग्रीनिचच्या पूर्वेला सुमारे 77 अंशांवर असते, म्हणजे अकोल्याच्याच रेखांशावर. हिशेबाने फरक पाच तास आठ मिनिटांचा. व्हर्न चार तासच लिहून गेलाय. त्या घड्याळात तासांसोबत तारीखही दिसत असती, तर कोडं लंडनला पोचताच सुटलं असतं.

पश्चिमेकडून जगाला वळसा घातला की हाच हिशेब उलटा पडतो. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज जुलै 1522 मध्ये केप व्हर्दे बेटांवर पोचलं. खलाशांच्या रोजनिशीत तेव्हा बुधवार होता, किनाऱ्यावरच्या लोकांचा गुरुवार.